वाऱ्यावर उभा राहिलेला पक्षी

हिंवाळ्याचे दिवस आले कीं मुंबईच्या बंदरांत व कोंकणच्या किनाऱ्यावर पांढऱ्या पक्ष्यांचे थवे दिसूं लागतात. यांस आपल्या भाषेंत कुरव असें नांव आहे. हे आपल्याकडील कायमचे रहिवासी नव्हेत. त्यांपैकीं तपकिरी डोक्याचा कुरव उन्हाळ्यांत लडाख व तिबेट या उंच प्रदेशांतील सरोवरांच्या कांठीं वीण करतो, आणि थंडी पडूं लागली म्हणजे हिमालय ओलांडून आपल्या समुद्रावर येतो. फाल्गुन-चैत्राच्या सुमारास तो परत फिरतो. जाण्याच्या वेळीं त्याचें डोकें तपकिरी झालेलें असतें. येथें असतांना मात्र तें बहुधा पांढरेंच असतें, व डोळ्याच्या मागें एक काळसर ठिपका तेवढा दिसतो. नांव तपकिरी आणि पक्षी पांढरा, हें पाहून मुलें गोंधळतात, यांत नवल नाहीं.

या पक्ष्याकडे पाहण्याच्या दोन रीती आहेत. गेटवे ऑफ इंडियापासून घारापुरीस किंवा मांडव्यास जाणाऱ्या लाँचींत बसलें म्हणजे दोन्ही एकाच वेळीं दृष्टीस पडतात. पुष्कळसे उतारू गांठ्या-शेवेची पुडी घेतात आणि मूठमूठ हवेंत उधळतात. पक्षी ओरडत, एकमेकांस ढकलीत त्यावर तुटून पडतात; मंडळी हंसतात, छायाचित्रें काढतात, आणि पुडी संपली म्हणजे पाठ फिरवितात. एकादा मुलगा मात्र कांहीं न उधळतां कठड्याशीं उभा असतो. त्याच्या नजरेस असें येतें कीं, एक कुरव लाँचीच्या अगदीं बाजूस, हात लांबविला तर लागेल अशा अंतरावर, पंख पसरून स्वस्थ आहे. तो पंख मारीत नाहीं. तरी मागें पडत नाहीं व खालींही येत नाहीं. हें कसें होतें, असा प्रश्न त्या मुलाच्या मनांत उभा राहतो. या दुसऱ्या रीतीचा पुरस्कार करण्याकरितां आम्ही हा लेख लिहीत आहों. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, या पक्ष्यांस चारूं नये, पहावें. आणि असें पाहणें हा वेळेचा अपव्यय नसून शिक्षणाचेंच एक अंग आहे.

पक्षी हवेंत उभा राहतो म्हणजे नेमकें काय करतो, तें प्रथम पाहूं. पूर आलेल्या नदींत एक होडी प्रवाहाच्या विरुद्ध चालली आहे अशी कल्पना करा. नावाडी जितक्या वेगानें वल्हवितो तितक्याच वेगानें पाणी त्यास मागें रेटीत असेल, तर कांठावरच्या मनुष्यास होडी एकाच जागीं खिळल्यासारखी दिसेल. पाण्याच्या मानानें मात्र ती सारखी पुढें चाललेली असते. कुरवाचेंही तसेंच आहे. त्याचा उडण्याचा वेग ताशीं सुमारें ३० ते ४० किलोमीटर असतो. तितक्याच वेगाचा वारा समोरून आला तर तो हवेंतून पुढें जात असूनही जमिनीच्या मानानें जागचा हालत नाहीं. म्हणूनच वाऱ्यावर उभे राहिलेले पक्षी नेहमीं वाऱ्याकडे तोंड करून असतात. वारा कोणत्या दिशेनें वाहतो हें सांगण्यास, त्या वेळीं, कुरवाच्या चोंचीइतका प्रामाणिक साक्षीदार दुसरा नाहीं.

परंतु एवढ्यानें कोडें सुटत नाहीं. नावाडी वल्हीं मारीत असतो. कुरव तर पंख हालवीत नाहीं. मग तो खालीं कां येत नाहीं? याचें उत्तर मोठें चमत्कारिक आहे: तो खालीं येतच असतो. पंख न मारतां तरंगणारा कोणताही पक्षी भोंवतालच्या हवेच्या मानानें किंचित् किंचित् खालीं घसरत असतो, आणि त्या घसरणीनेंच त्यास पुढें जाण्याचा वेग मिळतो. उतारावरून सोडलेल्या सायकलीस पायडल न मारतां वेग येतो, तसाच हा प्रकार. मात्र ज्या हवेंत तो घसरत असतो ती हवाच जर वर चढत असेल, तर घसरण व चढण यांची वजाबाकी होऊन पक्षी जागच्या जागीं राहतो. रेल्वे स्टेशनांतील वर जाणाऱ्या सरकत्या जिन्यावरून एकादा खोडकर मुलगा उलट खालीं उतरूं लागला, आणि जिना चढतो त्याच वेगानें तो उतरला, तर त्याचे पाय चालत असतात पण तो असतो तेथेंच असतो. कुरव हा असाच वाऱ्याच्या जिन्यावरून उतरत असतो.

आतां हवा वर कां चढते, तें पहा. समुद्रावरून मोकळा आलेला वारा एकाद्या कड्यास, धक्क्याच्या भिंतीस किंवा जहाजाच्या कुशीस आदळला म्हणजे त्यास आरपार जातां येत नाहीं. तो वर वळतो. भिंतीच्या माथ्याजवळ अशा रीतीनें चढत्या हवेचा एक अरुंद पट्टा तयार होतो, आणि कुरवास तो पट्टा बरोबर सांपडतो. भूगोलाच्या पुस्तकांत ‘खारे वारे’ व ‘मतलई वारे’ ही जोडी आमच्या विद्यार्थ्यांनीं पाठ केलेली आहेच. दिवसां जमीन समुद्रापेक्षां लवकर तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर जाते, व तिची जागा घेण्यास समुद्रावरची गार हवा येते. तो खारा वारा. रात्रीं जमीन लवकर निवते व वारा उलट, जमिनीकडून समुद्राकडे, वाहतो. तो मतलई वारा. म्हणून पश्चिमेकडे तोंड असलेल्या कड्यावर, जसा रत्नागिरीच्या रत्नदुर्गाचा किंवा हरिहरेश्वराचा, हा खेळ पहाण्याची उत्तम वेळ म्हणजे तिसरा प्रहर. तेथें कुरव नसला तर घार तरी असतेच, आणि तिचीही विद्या हीच. पुस्तकांतील चार ओळी पाठ म्हणणें निराळें, आणि त्या ओळींवर एक पक्षी पंख पसरून उभा आहे असें पहाणें निराळें.

कित्येक मुलांस पतंगाचें उदाहरण सुचेल, व तें सुचावें हें चांगलें लक्षण आहे. संक्रांतीस आकाशांत स्थिर राहिलेला पतंग आणि वाऱ्यावर उभा राहिलेला कुरव यांत साम्य आहेच. पतंगास दोरीनें धरलेलें असतें. दोरी तुटली कीं तो वाऱ्याबरोबर भरकटत जातो. मग कुरवाची दोरी कोणाच्या हातांत असते? विचार केला असतां असें दिसेल कीं त्याचें स्वतःचें वजन, जें सुमारें अर्धा किलो भरतें, तेंच त्याची दोरी होय. वजन नसतें तर तो सांवरीच्या कापसाप्रमाणें वाऱ्याबरोबर वाहून गेला असता. जें त्यास खालीं ओढतें तेंच त्यास वाऱ्यांत पाय रोवूं देतें.

सर्वच समुद्रपक्षी एकाच रीतीनें उभे राहत नाहींत. सुरय म्हणून कुरवाहून सडपातळ, टोंकदार पंखांचा व बहुधा दुभंगलेल्या शेपटीचा एक पक्षी आपल्या किनाऱ्यावर असतो. वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रांतील खडकाळ बेटांवर त्याची वीणही होते. मासा हेरावयाचा असतां तो पाण्यावर कांहीं क्षण थबकतो, चोंच खालीं वळवितो आणि दगडासारखा पाण्यांत पडतो. थबकतांना तो पंख भराभर मारतो, परंतु तोंड वाऱ्याकडेच ठेवितो, म्हणजे निम्में ओझें वारा उचलतो. गोड्या पाण्यावरचा कवड्या खंड्या तर वारा नसतांही पाण्यावर असाच फडफडत राहूं शकतो. पण त्यास श्रम फार पडतात व तो फार वेळ टिकत नाहीं. कुरवाची रीत सर्वांत स्वस्त, कारण ती श्रमाची नसून जागा ओळखण्याची आहे.

मात्र स्वस्त म्हणजे आळशी नव्हे. वारा कधींही एकसारखा वाहत नाहीं. त्यांत झुळुका असतात, खड्डे असतात. दुरून निश्चल दिसणाऱ्या कुरवाकडे पांच मिनिटें टक लावून पहा. वारा वाढला कीं तो पंख कोपरांत किंचित् मिटून घेतो. वारा पडला कीं पुन्हा पूर्ण उघडतो. शेपटी पंख्यासारखी पसरते व मिटते, एका बाजूस कलते व सरळ होते. वेग फार होऊं लागला तर पोटाशीं घेतलेले पाय खालीं सोडतो. तीं पातळ कातड्यानें जोडलेलीं बोटें हवेंत अटकाव करतात. अगदीं हळू जावयाचें असतां पंखाच्या पुढच्या कडेवरचीं अंगठ्याचीं दोन-तीन पिसें वर उचललेलीं दिसतात. आणि हें सर्व चाललें असतां त्याचें डोकें मात्र जणूं खिळ्यानें ठोकल्यासारखें स्थिर असतें. धड डुलतें, मान तो धक्का गिळून टाकते, व नजर हालत नाहीं. बाहेरून दिसणारी स्वस्थता ही अशा शेंकडों बारीकसारीक दुरुस्त्यांची बेरीज असते.

या दृश्यानें मोठमोठ्या बुद्धिमान् माणसांस विचार करावयास लाविलें आहे. इटलींतील लिओनार्दो दा व्हिंचीनें सन १५०५ च्या सुमारास पक्ष्यांच्या उड्डाणावर एक लहानशी वहीच लिहून काढली. इंग्लंडांतील शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले, ज्यांस पुढें १९०४ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें, त्यांनीं १८८३ सालीं या प्रश्नाचा निकाल एका वाक्याच्या आटोक्यांत आणिला. पंख न मारतां पक्षी कांहीं वेळ आपल्या मार्गानें जात राहत असेल, तर तीनपैकीं एक गोष्ट खरी असलीच पाहिजे, असें त्यांनीं दाखविलें: एक तर त्याचा मार्ग सपाट नाहीं; किंवा वारा सपाट वाहत नाहीं; किंवा वारा सर्वत्र सारख्या वेगाचा नाहीं. आपला धक्क्यावरचा कुरव दुसऱ्या प्रकारांत येतो. दक्षिण महासागरावरचा विशाल आल्बट्रॉस पक्षी तिसऱ्या प्रकारांत येतो. लाटांजवळचा मंद वारा व वरचा जलद वारा यांतील फरकावर तो शेंकडों किलोमीटर जातो. योगायोग असा कीं, त्याच १८८३ सालीं मुंबईंत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही संस्था स्थापन झाली, आणि पाहण्याची शिस्त आपल्या प्रांतींही रुजूं लागली.

राइट बंधूंची कथा सर्वांस ठाऊक आहे. परंतु तिचें एक पान वाचकांच्या नजरेआड राहतें. उडणाऱ्या गिधाडांसारख्या पक्ष्यांकडे पहातां पहातां विल्बर राइट यांच्या ध्यानांत आलें कीं, तोल सांवरण्यासाठीं पक्षी पंखांचीं टोंकें पिळतात. आणि पंख पिळण्याची तीच युक्ति या बंधूंनीं आपल्या यंत्रांत योजिली. १७ डिसेंबर १९०३ रोजीं त्यांचें यंत्र प्रथम उडालें तें १२ सेकंदच. त्यानंतर आठ वर्षांनीं, एंजिनांची विमानें आकाशांत हिंडूं लागलेलीं असतांना, ऑर्व्हिल राइट पुन्हा त्याच अमेरिकन किनाऱ्यावर एंजिन नसलेलें यंत्र घेऊन गेले. २४ ऑक्टोबर १९११ रोजीं वाळूच्या टेंकडीवर सोसाट्याचा वारा चढत असतां ते त्या वाऱ्यांत ९ मिनिटें ४५ सेकंद तरंगत राहिले. कुरव धक्क्यावर जें करतो तेंच मनुष्यानें त्या दिवशीं केलें. आणि पुढें दहा वर्षें कोणीही त्याहून अधिक वेळ तरंगून दाखविलें नाहीं.

येथें एकादे पालक विचारतील, “हें सर्व ठीक, पण आमच्या मुलानें समुद्रकांठीं उभें राहून पक्षी पाहिले तर त्याचे परीक्षेंतील गुण वाढतील काय?” प्रश्न रास्त आहे. प्रत्येक पक्षी पाहणारा मुलगा राइट होईल असें आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हणणें ही फसवणूक होईल. आम्ही इतकेंच म्हणतों कीं, वेग, दिशा, वजन, दाब हे शब्द ज्या मुलानें प्रथम डोळ्यांनीं पाहिले त्यास ते पुढें गणितांत परके वाटत नाहींत. आणि त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी कीं, ज्यास पांच मिनिटें एकाच वस्तूकडे पाहतां येतें, त्यास पांच मिनिटें एकाच प्रश्नावर विचारही करतां येतो. हल्लीं मुलांच्या हातीं असलेल्या यंत्रांत दर क्षणाला चित्र बदलतें. जें चित्र बदलत नाहीं त्याकडे पाहत राहून त्यांतील सूक्ष्म हालचाल शोधणें, ही संवय आतां शाळेनें व घरानें हेतुपुरस्सर लावावी लागेल. ती आपोआप लागण्याचे दिवस गेले.

आतां चारण्याविषयीं. कोणी म्हणतील, मुक्या जीवास घास देणें हा दयाधर्म आहे. दया ही मोठी वस्तु आहे, म्हणूनच ती कोणावर करावयाची हें पहावें. जो पक्षी आपल्या बळावर हिमालय ओलांडून आला, तो आपल्या दारीं भीक मागण्यास आलेला नाहीं. मासे, कोळंबी, किडे आणि भरतीनें वर टाकलेलें मेलेलें जीवजंतू हें त्याचें अन्न. तें त्यास किनाऱ्यावर मिळतें, व तें खातां खातां तो किनारा स्वच्छही ठेवितो. तेलांत तळलेलें, मीठ घातलेलें बेसनाचें पीठ त्याच्या पोटासाठीं निर्माण झालेलें नाहीं. परतीच्या लांबच्या वाटेसाठीं जी शिदोरी त्यानें अंगांत सांठवावयाची, ती त्याच्या स्वाभाविक अन्नाचीच असली पाहिजे. शिवाय पुडीबरोबर पिशवीही समुद्रांत जाते, हें ज्यानें भरतीची रेघ पाहिली आहे त्यास सांगावयास नको.

दुसरे कोणी म्हणतील, गांठ्या विकणाऱ्याचें पोट त्यावर आहे. खरें आहे, त्याच्याकडून पुडी अवश्य घ्यावी, आणि ती आपण खावी. यांत त्याचें कांहींच नुकसान नाहीं.

परंतु चारण्याविरुद्ध आमचा मुख्य आक्षेप पक्ष्याच्या पोटाविषयीं नसून मुलाच्या डोळ्यांविषयीं आहे. ज्याच्या हातांत पुडी आहे त्याची नजर पक्ष्याच्या चोंचीवर असते, पंखांवर नसते. आपण फेंकलेलें त्यानें झेललें कीं नाहीं, एवढेंच तो पाहतो. म्हणजे पक्ष्याच्या निमित्तानें तो स्वतःलाच पाहत असतो. ज्या विद्येवर लॉर्ड रॅले यांनीं विचार केला ती विद्या दोन हातांवर चाललेली असते, आणि मूठभर शेवेच्या मोबदल्यांत तिचा गोंधळ करून आपण त्यासच करमणूक म्हणतों. आपल्या मुलांनीं जगाकडे पाहतांना प्रत्येक वस्तूस प्रथम कांहीं तरी फेंकून आपल्याकडे ओढावें, कीं ती आपल्या जागीं असतांना तिला ओळखावें? आम्हांस वाटतें, शिक्षणाचा पुष्कळसा प्रश्न यांत आला आहे.

या पक्ष्यापासून बोध घेण्याचीही घाई करूं नये. ‘संकटरूपी वाऱ्याशीं झुंजणारा वीर’ असें त्याचें वर्णन निबंधाच्या वहींत वारंवार येतें. पण जो नीट पाहील त्यास असें दिसेल कीं कुरव वाऱ्याशीं झुंजतच नाहीं. तो वाऱ्यापुढें मानही तुकवीत नाहीं. तो वाऱ्याचें माप घेतो, आणि त्या मापाप्रमाणें स्वतःस क्षणोक्षणीं दुरुस्त करतो. स्थिर राहणें म्हणजे कांहीं न करणें नव्हे, इतकें जरी मुलांनीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहून ठरविलें, तरी पुष्कळ झालें. तें आम्ही सांगून पटण्यापेक्षां कुरवानें दाखवून पटावें.

आमची सूचना साधी आहे. डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत, आठवड्यांतून एकदां, तिसऱ्या प्रहरीं अर्धा तास मुलांस समुद्रकांठीं न्यावें. बरोबर एक वही व पेन्सिल असावी. खाऊ असल्यास तो मुलांसाठीं असावा. वहींत इतकेंच लिहावें: वारा कोणत्या दिशेचा? पक्ष्याचें तोंड कोणीकडे? एका मिनिटांत त्यानें किती वेळां पंख मारले? पाय वर कीं खालीं? भिंतीपासून किती दूर गेल्यावर त्यास पंख मारावे लागतात? हा शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा, कारण चढत्या हवेचा पट्टा कोठें संपतो हें त्यावरून कळतें. डोळ्यांस न दिसणाऱ्या वस्तूची सीमा मुलानें पक्ष्याच्या साह्यानें कागदावर आंखली, तर त्यानें शास्त्रज्ञाचेंच काम केलें असें आम्ही समजूं.

ज्यांच्या गांवीं समुद्र नाहीं त्यांनीं निराश होण्याचें कारण नाहीं. भिगवणजवळ उजनीच्या जलाशयावर हिंवाळ्यांत कुरव येतात. आणि घार तर प्रत्येक गांवीं आहे. डोंगराच्या ज्या अंगास वारा आदळतो त्या अंगास, किंवा शहरांत उंच इमारतीच्या माथ्यावर, ती वाऱ्यावर उभी राहिलेली सांपडेल.

पालकांस आमची शेवटची विनंति अशी कीं, मुलगा वा मुलगी अशा वेळीं गप्प उभी राहिली तर तिला हांक मारूं नये, व “चल, उशीर झाला” असें लगेच म्हणूं नये. वही कोरी राहिली तरी चालेल. पहिल्या दिवशीं ती बहुधा कोरीच राहते. तिसऱ्या-चौथ्या खेपेस आपोआप भरूं लागते. या हिंवाळ्यांतील वह्या शाळा सुरू असतांना आमच्याकडे आणून दाखविल्यास आम्ही त्या आनंदानें वाचूं, आणि त्यांतील चांगल्या नोंदींस पुढील अंकांत जागा देऊं.